पोहऱ्याची भोकं

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण सहज म्हणून जातो. हॅम रेडिओवाल्यांचं, म्हणजे हौसेने बिनतारी संचावर दूरदूरच्यांशी बोलणाऱ्यांचं, दुखणं नेमकं उलटं. आडात पाणी भरपूर असतं, भोकं पोहऱ्याला असतात. आणि ती बुजवायची सोडून माणूस दुसरा, आणखी खोल आड खणायला निघतो. पाच वॉटच्या संचावर नागपूरला नीट ऐकू जात नाही म्हटलं, की शंभर वॉटच्या संचाच्या किमती बघायला लागतो.

शंभर वॉट म्हणजे पाचाची वीसपट. डेसिबलच्या, म्हणजे शक्ती किती पट झाली ते सांगायच्या, भाषेत १३ (३ डेसिबल म्हणजे दुप्पट). ऐकू येणाऱ्या सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवरचं एक घर, म्हणजे एक एस-युनिट, ६ डेसिबलचं धरतात. तेव्हा एवढा खर्च करून नागपूरकराच्या मीटरचा काटा सरकणार दोन घरं आणि वर थोडासा. त्यातलं काही तर आपल्याकडे आधीच सांडत असतं: थोडं केबलमध्ये, थोडं कनेक्टरमध्ये, थोडं बॅटरीच्या वायरीत. आणि ऐकण्याच्या बाजूने म्हणाल, तर दिवाणखान्यातला मोबाइलचा चार्जर एकटाच चार घरं खाऊन बसलेला असतो.

संचापासून गच्चीवरच्या अँटेनापर्यंत जाणाऱ्या केबलचंच बघा. आरजी-५८ ही पाच मिलिमीटर जाडीची काळी केबल मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मागितली की लगेच समोर येते. ७ मेगाहर्ट्झवर ती गुणी आहे, १५ मीटर लांबीत अर्धा-पाऊण डेसिबल खाते. तीच १४५ मेगाहर्ट्झवर लावली की १५ मीटरमध्ये ३ डेसिबल गेले. पाच वॉटपैकी अडीच वॉट गच्चीपर्यंत पोचलेच नाहीत. त्यात स्वस्त मालात आवरणाखालची तारांची जाळी विरळ असते. वरचं काळं आवरण दोन बोटं सोलून बघावं. जाळीतून आतलं पांढरं प्लॅस्टिक सहज दिसत असेल तर ती केबल परत गुंडाळून दुकानदाराच्या हातात द्यावी.

त्यापेक्षा केबल टीव्हीवाल्याची आरजी-६ बरी. संचाला ५० ओहमची केबल अपेक्षित असते, ही ७५ ओहमची आहे म्हणून लोक नाक मुरडतात, पण १५ मीटरमध्ये ती एक-सव्वाच डेसिबल घेते. ५० आणि ७५ ओहमच्या विसंगतीने चार टक्के शक्ती परत फिरते, ती सोसावी. फक्त तिची जाळी ॲल्युमिनियमची असल्याने कथलाचा डाग बसत नाही. टीव्हीचाच दाबून बसवायचा एफ-कनेक्टर लावायचा आणि पुढे ॲडॉप्टर जोडायचा. सोल्डर करण्याचा हट्ट धरला तर आतला फोम वितळतो, बाकी काही होत नाही.

इथे एसडब्ल्यूआरची गंमत सांगायला हवी. अँटेनाकडे गेलेल्या आणि तिथून परत आलेल्या लाटेचा हा हिशेब. १ आला की माणूस पेढे वाटायला मोकळा. पण केबल जितकी खादाड, तितका हा आकडा देखणा दिसतो, कारण परत येणारी लाटही वाटेतच खाल्ली जाते. अँटेनापाशी ३ असलेला एसडब्ल्यूआर, ३ डेसिबल खाणाऱ्या केबलच्या खालच्या टोकाला १.७ दिसतो. पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरलं आणि मीटर अचानक सुधारला, तर आनंदाचं काही कारण नाही. उलट, चांगल्या केबलवर खरोखरचा २ आला तरी परत फिरणारी शक्ती अकरा टक्केच असते. १.५ चा १.१ करायला चार वेळा गच्चीवर चढणं म्हणजे भिंत सरळ असताना ओळंबा बदलत बसणं.

कनेक्टर हे सगळ्यांत लबाड भोक. पीएल-२५९ हा नेहमीचा कनेक्टर आरजी-५८ ला जोडताना मध्ये एक बारीक, नळीसारखा रिड्यूसर लागतो. तो आणि बाहेरची फिरती चकती सोल्डरिंगच्या आधी केबलीत ओवून ठेवायची असते. डाग सुंदर बसतो, कनेक्टर थंड होतो, आणि मग ती चकती टेबलावर बसून आपल्याकडे बघत असते. या खेळात हे प्रत्येकाचं एकदा होतंच. स्वस्त कनेक्टरवर चकचकीत मुलामा असतो, त्यावर कथील पाण्याच्या थेंबासारखं गोळा होऊन घरंगळतं. म्हणून चार भोकांच्या कडा आधी कानसने घासून आतलं पितळ उघडं करायचं. २५ वॉटची सोल्डरिंगची इस्त्री इथे कामाची नाही. कनेक्टरचं अंगच तिची उष्णता पिऊन टाकतं आणि दाणेदार, मळकट डाग राहतो. ६० ते १०० वॉटची, जाड टोकाची घ्यावी, दहा-बारा सेकंदांत काम उरकावं. आतलं इन्सुलेशन पांढऱ्या टेफ्लॉनचं असेल तर टिकतं, स्वस्त प्लॅस्टिकचं असेल तर मधली पिन वाकडी होऊन बसते. शेवटी मल्टिमीटर ‘बीप’वर लावून केबल हलवत तपासायची: पिन ते पिन वाजलं पाहिजे, पिन ते अंग वाजता कामा नये.

आणि हे सगळं कोकणात किंवा घाटमाथ्यावर चार महिने भिजणार. कनेक्टरवर आधी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळावी, वर काळी चिकटपट्टी, खालून वर. म्हणजे कौलांसारखे पदर खाली तोंड करून बसतात. खिडकीतून आत येण्याआधी केबलीला खाली एक झोळ द्यावा, पाणी तिथून टपकेल. ही पट्टी लावायची राहिली, तर जाळी वातीसारखी पाणी ओढते आणि दिवाळीपर्यंत तांबं शेवाळी झालेलं असतं.

आता तारेची अँटेना. आपल्याकडे हौशींना ४० मीटरचा पट्टा (हे नाव लाटेच्या लांबीवरून) ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ असा आहे. १४३ ला मेगाहर्ट्झने भागलं की डायपोलची, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या दोन तारांच्या अँटेनाची, पूर्ण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ साठी २०.१४, म्हणजे एकेक बाजू १० मीटरच्या किंचित वर. घरगुती वायरिंगची प्लॅस्टिकवाली तार घेतली तर ती दोन-तीन टक्के आखूड लागते, पण कापताना १०.३ च कापावी आणि जादा टोक मागे दुमडून तारेलाच पिळून ठेवावं. दोन्ही बाजू एकेक सेंटिमीटर कमी केल्या की अनुनाद, म्हणजे अँटेना जिथे सर्वांत चांगली चालते ती जागा, साधारण ७ किलोहर्ट्झ वर सरकतो, त्या हिशेबाने दुमड वाढवायची. कात्री शेवटी. मधला बिंदू आठ-दहा मीटर उंचीवर, टोकं तीन मीटर उंचीवर, मधला कोन ९० अंशांपेक्षा कमी नको. टोकांना प्रक्षेपणात व्होल्टेज जबरदस्त असतं. तिथे मुलांचा हात पोचू नये आणि गॅलरीच्या लोखंडी ग्रिलचा स्पर्शही नको. एवढ्या बुटक्या अँटेनाचं लोकांना वाईट वाटतं. खरं तर ती लाट सरळ वर फेकते, वातावरणाच्या वरच्या, आयनांच्या थरावरून परतून ती शे-दोनशे ते पाच-सातशे किलोमीटरच्या परिघात उतरते. कोल्हापूर-नाशिक असं दिवसाउजेडी बोलायला हेच हवं. जपान गाठायला मात्र नाही.

डायपोलच्या मध्याशी केबल जिथे जोडली, तिथे ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपावर त्याच केबलीचे १८ वेढे शेजारी-शेजारी घालावेत, साडेसहा मीटर केबल लागते. केबलच्या बाहेरच्या अंगावरून घरात येणारा करंट त्याने अडतो. तोच करंट माइकमधून घुसला की आवाज गुरगुरतो, आणि घरातला सगळा गोंगाट उलट वाटेने अँटेनात चढतो.

हा गोंगाट किती, ते वीज जाते तेव्हा कळतं. संच बॅटरीवर चालू आहे, स्पीकरमधून भजी तळल्यासारखा आवाज अखंड येतोय, मीटर एस-७ वर. दिवे जातात. पंखा गरगरत थांबतो. तेवढ्यात स्पीकर एकदम गप्प होतो, काटा एस-२ वर पडतो आणि त्या शांततेतून कुणीतरी मघापासून आपल्यालाच हाक मारत असल्याचं ऐकू येतं. मग घरातला इन्व्हर्टर सुरू होतो आणि भजी पुन्हा तळायला लागतात.

वीज जायची वाट बघायला नको. मेन बंद, इन्व्हर्टरही बंद, संच बॅटरीवर. मग एकेक एमसीबी चढवत जायचं. चोर कुठल्या खोलीत आहे ते कळलं, की छोटा ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हच्या रिकाम्या जागेवर लावून हातात धरून फिरायचं. चोराच्या वीतभर जवळ गेल्यावर तो किंचाळतो. बहुधा स्वस्त एलईडी दिवा, चार्जर किंवा सेटटॉप बॉक्सचा ॲडॉप्टर निघतो. दिवा बदलणं सोपं. बाकीच्यांना फेराइट, म्हणजे गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाचं कडं, ३१ क्रमांकाच्या मिश्रणाचं. नुसती चिमटीसारखी क्लिप वायरीला लावून ७ मेगाहर्ट्झवर जवळजवळ काहीच होत नाही. अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो: एकाच्या जागी चार वेढे घातले तर सोळापट. म्हणून मोठ्या भोकाचं कडं घ्यावं आणि वायर सात-आठ वेळा ओवावी.

बॅटरीची वायर हे भोक कुणाला भोकच वाटत नाही. संचाला १३.८ व्होल्ट हवे असतात. गाडीतला ५० वॉटचा संच बोलताना १० अँपिअरच्या आसपास ओढतो. १ चौरस मिलिमीटरच्या वायरीवर, तीन मीटर जाऊन तीन मीटर यायचं तर १.१ व्होल्ट वाटेत पडले. २.५ ची घेतली तर अर्ध्याहून कमी. फ्यूज बॅटरीपाशी लावायचा, संचापाशी नाही. जळायची ती मधली वायरच असते.

राहता राहिला आवाज. संच ३०० ते २७०० हर्ट्झएवढंच पाठवतो, आणि घुमणाऱ्या खर्जात शक्ती वाया जाते. जुन्या हँड्सफ्रीमधला इलेक्ट्रेट माइक, २.२ किलोओहमचा रोध आणि पुढे कपॅसिटर, एवढ्यात उत्तम माइक होतो. हा कपॅसिटर बहुतेक जण १०५ आकड्याचा, म्हणजे १ मायक्रोफॅरडचा लावतात. संचाचा इनपुट ६०० ओहमचा असेल तर तो ५७ हर्ट्झपर्यंतचं सगळं आत सोडतो. त्याजागी २२४, म्हणजे ०.२२ मायक्रोफॅरडचा, लावला की २५० हर्ट्झच्या आसपास खालचं कातरतो आणि ‘तुमचं मॉड्युलेशन आज चढलंय’ असा निरोप येतो. माइकच्या दोन टोकांत १०२ चा (०.००१ मायक्रोफॅरड) एक सिरॅमिक कपॅसिटर टाकायला विसरू नये. माइक चार-पाच बोटांवर, तोंडासमोर नाही तर ओठांच्या कडेला. मग ‘फ’ आणि ‘भ’ च्या फुंकरी बाजूने निघून जातात. एएलसीचा, म्हणजे आवाज मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेचा, काटा मोठ्या शब्दाला हलला पाहिजे, चिकटून बसता कामा नये.

ऐकताना मात्र संचाच्या पोटातल्या स्पीकरवर जाऊ नये, तो बऱ्याचदा टेबलाकडे तोंड करून बसलेला असतो. चार इंची जुना कार-स्पीकर लाकडी खोक्यात बसवून समोर ठेवावा. आरएफ गेन, म्हणजे संचाची संवेदनशीलता, कमी, आवाज जास्त, असं करून बघावं. ४० मीटरवर पट्ट्याचाच गोंगाट एवढा असतो की संवेदनशीलता कमी केल्याने काही हरवत नाही, कान मात्र तासभर जास्त टिकतात. अँटेना काढल्यावर स्पीकरमधली खरखर पडली, तर संच पुरेसा तीक्ष्ण आहे. काही जण स्पीकर माठाच्या तोंडावर पालथा घालतात. लावणीला तो झकास घुमतो. एसएसबीवरचं, म्हणजे हॅमच्या नेहमीच्या प्रक्षेपणपद्धतीतलं, बोलणं मात्र त्यातून विहिरीत उतरून कुणी बोलल्यासारखं येतं, अर्धी व्यंजनं बुडालेली. तिथून काढून खोक्यात बसवला, की कोल्हापूरकर स्वच्छ ऐकू येतो आणि माठ पाणी भरायला मोकळा होतो.