तिसऱ्या महिन्यातला प्रश्न

"बाळंतपणानंतर केस गळतात, त्याला तेल कोणतं लावू?" हे तुम्ही नेहमी विचारता, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आशा सेविका आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं, की पहिल्या 42 दिवसांत मी सहा वेळा घरी जाते. तेव्हा केसांचा विषय निघत नाही. टाके दुखतात, दूध पुरत नाही, लेकरू झोपत नाही, एवढंच. तिसऱ्या महिन्यात परत गेले, की वजनकाटा पिशवीत ठेवायच्या आत बाई मुठीतला गुंतवळ पुढे करते. "काहून गळून रायले वं ताई माहे केसं?"

माझी सासू म्हणायची, लेकरू हसाले लागलं का मायचे केसं गळतात. यात लेकराचा काही दोष नाही, पण वेळ म्हातारीनं बरोबर हेरली होती. केस काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने नुसता बसून राहतो आणि गळतो. एरवीही रोज 50 ते 100 केस जातातच. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) वाढलेलं असतं, त्यामुळे जायचे केसही डोक्यावरच राहतात आणि वेणी जाड होते. (त्यावरून मुलगा की मुलगी हे सांगणाऱ्या बायाही आहेत. त्यांचं ऐकू नका.) बाळंतपण झालं की इस्ट्रोजेन झपकन उतरतं आणि थांबलेले केस तीन-चार महिन्यांनी एकदमच जातात. म्हणजे आज फणीत आलेला केस बाळंतपणाच्या सुमारासच सुटला होता. आजचं तेल त्याला काय धरून ठेवणार? खोबरेल लावा, बरं वाटतं. घट्ट अंबाडा बांधू नका, ओले केस विंचरू नका. केसगळतीचं औषध मात्र अंगावर पाजत असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

माझ्या पहिल्या वेळी मी गुंतवळ देवळीतल्या पिशवीत कोंबायची. वर्षभरात भरणारी पिशवी दीड महिन्यात फुगली. केसांवर भांडी देणारी बाई दारात आली, तिनं पिशवी हातावर तोलली आणि विचारलं, "बाळंतीण हाय काय घरात?" एक स्टीलची वाटी मिळाली. जवसाची चटणी अजून तिच्यातच काढते.

तेलाचं विचारलं की मी लाल गोळ्यांचं विचारते. लोहाच्या या गोळ्या गरोदरपणात 180 दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस घ्यायच्या असतात. दुसऱ्या 180 दिवसांचं पाकीट बहुतेक घरांत देवाच्या फळीवर धूळ खात असतं. "आता कायले, लेकरू तं झालं!" अंगातलं रक्त भरून आलं नाही, तर गळती लांबते. गोळी चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्यामुळे रक्त कमी म्हणजे लोहच कमी असं समजू नका. तपासून घ्या.

आणखी एक. लेकरू उगाच किंचाळत असेल, तर मोजे काढून बोटं पाहा. मी एकदा पाहिलं, अंगठ्याशेजारचं बोट लालबुंद सुजलेलं, आणि मुळाशी आईचा एक केस करकचून गुंडाळलेला. दिसायलाही नव्हता. असा केस लगेच सुटला नाही, तर दवाखाना गाठा.

वर्ष उलटूनही गळती थांबली नाही, डोक्यावर चट्टे पडले, थकवा किंवा धडधड असली, तर थायरॉईड बघून घ्यावं. पण बहुतेकींचं तोवर आपोआप थांबतं. नवव्या महिन्याच्या भेटीला त्याच बाईच्या कपाळावर बोटभर नवे केस ताठ उभे असतात. तेव्हा तिची तक्रार वेगळी असते. "कितीक तेल लावलं तरी हे चपून बसत नाही वं ताई."