बारा जणांनी घेतलेली पूड

"औषध निघालंय ना आता? मग भावाला का देत नाही?" देवगडात बाजाराला गेले की एकदा तरी हे कानावर येतंच. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

भावाला वुल्फ्रॅम सिंड्रोम आहे. आई-बाबा दोघांकडून बिघडलेलं एकेक जनुक आलं. त्यांना स्वतःला काहीच नाही. सहाव्या वर्षी साखर निघाली, बाराव्या वर्षी फळा दिसेना. "साखर सांभाळली नाहीत, डोळे गेले," असं एका डॉक्टरने आईला सुनावलं. खरं तर डोळ्याची नसच वाळत होती, या आजारात ती वाळतेच. जनुकांचा रिपोर्ट हातात आला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. आईच्या मनातून ते वाक्य अजून गेलेलं नाही.

आता औषध. एएमएक्स-००३५ म्हणजे दोन औषधांची पूड, पाण्यात ढवळून प्यायची, चवीला कडू. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी या आजारात आतल्या ताणाने मरतात, तो ताण उतरवायचा असा विचार. अमेरिकेत सेंट लुईसला 12 प्रौढ रुग्णांनी ती घेतली. त्यांचं सी-पेप्टाइड मोजलं. शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हाच ते तयार होतं, टोचलेल्या इन्सुलिनात नसतं. त्यामुळे घरचं किती नि बाहेरचं किती ते कळतं. एरवी ते घटतच जातं, इथे 24 आठवड्यांनी सरासरी वाढलेलं निघालं. आनंद मलाही झाला. पण तुलनेला खोटी पूड घेणारा गट नव्हता. शिवाय हेच औषध एएलएस या हातपाय लुळे पाडत नेणाऱ्या नसांच्या आजारासाठी अमेरिकेत 2022 साली मंजूर झालं, मोठ्या चाचणीत नापास झालं आणि 2024 मध्ये कंपनीनेच बाजारातून काढून घेतलं. म्हणून "कुणाकडून तरी मागवून घे" म्हणणाऱ्या मुंबईच्या काकांना मी नाहीच म्हणते. रीतसर चाचणी इकडे आली तर मात्र पहिलं नाव आमचं.

भाऊ म्हणतो, "बारा झाले, आता तेरावा माझाच!" आई उठून आत जाते.

काल त्याला हापूसची फोड हवी होती. इन्सुलिनच्या पेनवरचा आकडा दिसत नाही, म्हणून तो पेन कानाशी धरून फिरवतो. एक टिक, एक युनिट. चारपर्यंत आला आणि आत मिक्सर सुरू झाला.

"आये, बंद कर गो!"

पेन शून्यावर आणलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.