आमची वाटचाल: इंटरकॉमच्या तारांपासून सिप प्रॉक्सीपर्यंत

आमची फर्म सुरू झाली ती क्रोन टूल (तारा खाचेत बसवायचं अवजार) आणि टेस्ट फोन एवढ्या भांडवलावर. कार्यालयांत इंटरकॉमच्या जोड्या ओढायच्या, ईपीएबीएक्सला, म्हणजे कार्यालयातल्या छोट्या एक्स्चेंजला, एक्स्टेंशन जोडायची आणि वर्षभराच्या देखभालीचा करार करायचा, एवढंच काम. बरं चाललं होतं. संगणकाच्या जाळ्यावरून बोलणारे आयपी फोन आले तेव्हा ओघानेच अ‍ॅस्टेरिस्ककडे वळलो. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये लिहायला घेतलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर साध्या संगणकाचं एक्स्चेंज करून देतं, आणि एक्स्चेंज म्हणजे काय हे आम्हाला आधीपासून कळत होतं.

अडलं ते अनेक शाखांच्या ग्राहकापाशी. प्रत्येक शाखेत वेगळा अ‍ॅस्टेरिस्क, प्रत्येकाची वेगळी एक्स्टेंशन यादी. एखादा माणूस बदली होऊन दुसरीकडे गेला की त्याचा नंबर मागे राहायचा, आणि एक सर्व्हर बसला की त्याच्यावरचे सगळे फोन मुके. सगळ्या फोनांना एकच दार हवं होतं, आणि दारामागे कोणता सर्व्हर जिवंत आहे ते पाहून कॉल पुढे ढकलणारं कोणीतरी. हे काम सिप प्रॉक्सीचं; सिप म्हणजे कॉल जोडायला-तोडायला आयपी फोन जे संदेश पाठवतात त्यांची भाषा. अ‍ॅस्टेरिस्क कॉलचे दोन तुकडे करून स्वतः मध्ये उभा राहतो. प्रॉक्सी नाक्यावरच्या हवालदारासारखी हात दाखवून वाट देते.

मुक्त प्रॉक्सींचं घराणं एकच आहे. बर्लिनच्या फ्राउनहोफर फोकस संस्थेत २००१ मध्ये सिप एक्स्प्रेस राउटर सुरू झाला, २००५ मध्ये त्यातून ओपनसर फुटलं आणि २००८ मध्ये त्याची दोन घरं झाली: कामाइलियो आणि ओपनसिप्स. आम्ही कामाइलियो घेतलं. त्याची मूळ कॉन्फिग फाइल टिपांनी भरलेली आहे आणि प्रत्येक मॉड्यूलची (जोडायच्या सुट्या भागाची) माहिती एका साच्यात लिहिलेली सापडते, एवढंच कारण. दोन्ही प्रकल्प दमदार आहेत. मात्र एकाच वंशातले असल्यामुळे जुने नुस्खे सगळीकडे सारखेच दिसतात आणि उचलून चिकटवले की चालत नाहीत. कोणती ओळ कोणत्या आवृत्तीची, हे आधी बघावं लागतं.

सगळ्यात जड गेली ती विचाराची सवय. ईपीएबीएक्समध्ये मेनू असतो, 'एक्स्टेंशन तयार करा' असतं. इथे रिक्वेस्ट राउट नावाचा एक ठोकळा असतो. प्रत्येक सिप संदेश त्यात वरून शिरतो आणि कुठेतरी बाहेर पडतो. कॉल अशी वस्तू प्रॉक्सीला दिसतच नाही, दिसतात ते सुटे संदेश. डायलॉग मॉड्यूल लावलं तरच ती अख्ख्या कॉलचा हिशोब ठेवते. एक्स्चेंज कोळून प्यायलेल्या माणसाला हे पचायला नवख्यापेक्षा जास्त वेळ लागतो, असं माझं मत आहे. माझ्या भागीदाराला आधी कळलं, कारण तो सॉफ्टवेअरकडून आलेला.

म्हणून कॉन्फिग लिहिणं आम्ही बाजूला ठेवलं आणि आधी संदेश वाचायला बसलो. एसएनग्रेप नावाचं छोटं साधन टर्मिनलवर कॉलची शिडी काढून दाखवतं: इन्व्हाइट (कॉलचं बोलावणं) गेला, १०० (प्रयत्न चालू आहे) आला, १८० ला घंटी वाजली, २०० ला उचलला, मग अ‍ॅक (पोच). बाजूला सिपचं नियमपुस्तक, म्हणजे २००२ चा आरएफसी ३२६१, उघडा ठेवायचा आणि शिडीवरची प्रत्येक पायरी त्यात शोधायची. रेकॉर्ड राउट शीर्षक (पुढचे संदेशही प्रॉक्सीमार्गेच यावेत ही खूण) कशाला, व्हाया (उत्तराच्या परतीची वाट) कोण काढतं, ४०७ (प्रॉक्सीने ओळख मागितली) आल्यावर फोन पुन्हा तोच इन्व्हाइट का पाठवतो, हे सगळं तिथे उलगडलं. फाइल लिहायला घेतली तेव्हा ती अनोळखी राहिली नव्हती.

या वाचनाचं मोल एका नव्या ग्राहकाकडे कळलं. यंत्रणा दुसऱ्या कोणी बसवलेली. तक्रार अशी की दूरच्या शाखेत येणारा कॉल लागतो, दोन्हीकडून आवाज स्वच्छ येतो आणि अर्ध्या मिनिटाने तुटतो. लाइन बदलून झाली, फोन बदलून झाले. आम्ही घड्याळ लावलं: दर वेळी ३२ सेकंद. सिपमध्ये संदेश पुन्हा पाठवण्याआधी थांबायचा मूळ काळ, टी१, ५०० मिलिसेकंदांचा. वाट पाहायची मर्यादा त्याच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद. फोन उचलल्यावर २०० ओके जातो आणि उलट अ‍ॅक यायला हवा. तो न आल्यास फोन २०० ओके पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि ३२ सेकंदांनी कंटाळून बाय (कॉल संपवायचा संदेश) पाठवतो. अ‍ॅक जात होता कुठे? फोनने काँटॅक्ट शीर्षकात (पुढचे संदेश कुठे धाडायचे ते सांगणाऱ्या ओळीत) आपला राउटरच्या आतला खासगी पत्ता लिहिलेला, प्रॉक्सी इमानेइतबारे तिथेच अ‍ॅक धाडत होती, आणि बाहेरच्या जगात तो पत्ता अस्तित्वातच नव्हता. नॅटहेल्पर मॉड्यूलमधलं अ‍ॅड काँटॅक्ट अलायस (संदेश खरोखर जिथून आला तो पत्ता जोडणारं) उत्तरांवर लावलं, पुढच्या संदेशांवर हँडल आरयूआरआय अलायस (तोच पत्ता वापरणारं) लावलं, आणि कॉल टिकू लागले. दोन ओळी. पण त्या कुठे लिहायच्या हे शिडी वाचता येत नसेल तर दैवावर सोडावं लागतं. जाता जाता शाखेच्या राउटरमधलं सिप एएलजी बंद केलं. मदतीच्या नावाखाली ते संदेशांत हात घालून पत्ते बदलतं, आणि मी ते चालू ठेवलेलं कुठेच पाहू शकत नाही.

'कॉल लागतो, आवाज येत नाही' ही तक्रार वेगळी. आवाज आरटीपी नावाच्या वेगळ्या पाकिटांतून जातो आणि प्रॉक्सी त्याला हातही लावत नाही. म्हणूनच साध्या यंत्रावरही ती भरपूर कॉल पेलते. जी.७११ या आवाज अंकांत बदलायच्या पद्धतीत २० मिलिसेकंदांचं एक पाकीट धरलं, तर एका दिशेने सेकंदाला ५० पाकिटं होतात. दोन्ही फोन राउटरमागे असतील तर ही पाकिटं पोहोचवायला आम्ही आरटीपीइंजिन जोडतो, म्हणजे आवाज त्याच्यामार्फत फिरतो.

सर्व्हर सार्वजनिक पत्त्यावर आला की ५०६० पोर्टवर, म्हणजे सिपच्या नेहमीच्या दारावर, पाहुणे येतातच. यूजर एजंट, म्हणजे स्वतःचं नाव सांगायच्या ओळीत, 'फ्रेंडली स्कॅनर' असं बिनदिक्कत लिहून येणारे सगळ्यात निरुपद्रवी; त्यांना उत्तर न देता संदेश टाकून द्यायचा. पाइक मॉड्यूल एकाच पत्त्यावरून होणारा भडिमार ओळखतं, एचटेबल या मॉड्यूलच्या यादीत तो पत्ता काही वेळ बंदीत ठेवता येतो. खरी भीती पासवर्ड फुटण्याची आहे, कारण मग सुट्टीच्या रात्री महागड्या परदेशी नंबरांवर कॉल सुटतात आणि बिल ग्राहकाच्या नावावर येतं. ग्राहकाने लेखी मागितल्याशिवाय परदेशी कॉल आम्ही उघडत नाही. डेटाबेसचा मूळ पासवर्ड तर कागदपत्रांत छापलेलाच असतो. तो बदलल्याशिवाय आमच्याकडे पुढचं पाऊल पडत नाही.

धंद्याचं गणितही बदललं. आधी एक्स्टेंशन मोजून पैसे घ्यायचो. आता बिघाड शोधण्याचे आणि यंत्रणा सांभाळण्याचे घेतो. कॉन्फिग फाइल गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) राहते, सर्व्हर पुन्हा सुरू करण्याआधी तिची तपासणी चालवली जाते, आणि मोठा बदल आधी सिपपी वापरून खोट्या कॉलवर आजमावला जातो. कामाला येणाऱ्या मुलामुलींच्या हातात आम्ही एक छापलेली शिडी देतो आणि विचारतो, फोन कोणी ठेवला आणि का? प्रमाणपत्रं नंतर बघतो. दहा-बारा फोनांचं कार्यालय प्रॉक्सी मागायला आलं तर आम्ही नको म्हणतो. त्यांना एक अ‍ॅस्टेरिस्क पुरतो, आणि दुसरा थर म्हणजे बिघडायला आणखी एक जागा.

सध्या ब्राउझरमधून कॉल करण्याचं काम हातात आहे: वेबसॉकेटवरून (ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या उघड्या राहणाऱ्या जोडणीवरून) सिप, आवाज एनक्रिप्ट केलेला. बाकीचे फोनही टीएलएसवर (एनक्रिप्ट केलेल्या जोडणीवर), म्हणजे ५०६१ पोर्टवर न्यायचे आहेत. काही ग्राहकांकडच्या जुन्या फोनांना टीएलएस जमत नाही, त्यामुळे ५०६० इतक्यात बंद करता येणार नाही.