जुनी लक्झरी सेडान आणि कडक ऊन: पहिल्या उन्हाळ्यानंतरची नोंद

गाडी घेतल्यानंतरचा पहिला पूर्ण उन्हाळा आता संपला आहे. खरेदीच्या वेळी ज्या एका निकषाला मी सर्वांत वरचे स्थान दिले होते, तो या उन्हाळ्यात खरा ठरला. उष्ण हवामानात राहिलेल्या जुन्या लक्झरी गाडीचे वय केवळ किलोमीटरवरून ठरवता येत नाही. तिने किती उष्णता सोसली आहे, हे पाहावे लागते. इंजिनातील पोलाद आणि अॅल्युमिनियम यांना वेळेवर योग्य तेल मिळत राहिले तर ते फार दूरवर साथ देतात, परंतु बॉनेटखालचे प्लॅस्टिक, रबरी होज, सील आणि वायरींची आवरणे ही गाडी चालो वा उभी राहो, दर उन्हाळ्यात थोडी थोडी ठिसूळ होत जातात. म्हणूनच फार कमी चाललेली, पण वर्षानुवर्षे उघड्यावर उभी राहिलेली एक गाडी मी नाकारली आणि तिच्याहून बरीच अधिक चाललेली, परंतु छपराखाली ठेवलेली व देखभालीची सलग कागदपत्रे असलेली गाडी घेतली.

माझ्या गाडीत एका रांगेतील सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, पाच गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि साध्या पोलादी स्प्रिंग आहेत. गती मागच्या चाकांना मिळते. एअर सस्पेन्शन मी जाणीवपूर्वक टाळले. त्यातील रबरी फुगे उष्णतेने व ओझोनने तडकतात, हवा हळूहळू गळू लागते, आणि ती भरून काढण्यासाठी सतत धावणारा कॉम्प्रेसर शेवटी स्वतःच निकामी होतो. त्या सस्पेन्शनची चाल अतिशय सुखद असते हे मला मान्य आहे, पण गरम प्रदेशात त्या सुखाची किंमत फार लवकर मोजावी लागते. ज्यांचा कल जुन्या, नावाजलेल्या मॉडेलकडे आहे त्यांनीही हीच दृष्टी ठेवावी. १९८९ मध्ये आलेल्या लेक्सस एलएस ४०० चे चार लिटरचे व्ही-८ इंजिन दीर्घायुषी म्हणून ओळखले जाते, मात्र त्याचा टायमिंग बेल्ट (इंजिनातील झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा) रबराचा असल्यामुळे तो किलोमीटर पूर्ण झाले नसले तरी वर्षांच्या हिशेबाने बदलावा. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातील मर्सिडीज डब्ल्यू१२४ घेणाऱ्याने इंजिनच्या वायरिंगचे आवरण बोटांत धरून पाहावे, कारण त्या काळातील काही गाड्यांत ते उष्णतेने कोरडे पडून गळून पडते.

पाहणी नेहमी भर दुपारी करावी, असे माझे ठाम मत आहे. सकाळच्या गारव्यात प्रत्येक गाडी उत्तम वाटते. मी गाडी चांगली तापेपर्यंत चालवली, मग एसी पूर्ण लावून ती उन्हात बराच वेळ जागेवरच चालू ठेवली, आणि तापमान डॅशबोर्डवरच्या काट्यावर न पाहता निदानाच्या सॉकेटला जोडलेल्या रीडरवर पाहिले. हा फरक महत्त्वाचा आहे. अनेक गाड्यांत काटा मोठ्या पल्ल्यात मुद्दाम मध्यावरच स्थिर ठेवलेला असतो. तो हलू लागेपर्यंत पाणी धोक्याच्या जवळ पोहोचलेले असते. रीडरवर तापमान १०४ अंशांपर्यंत चढत होते आणि गाडी चालू लागताच खाली येत होते. वाऱ्याने उतरणारे तापमान म्हणजे रेडिएटर तुंबलेला नसून पंखा कमी पडतो आहे, असे सहसा समजावे. इंजिन तापलेले असताना ते बंद करून पाहिले तेव्हा पंखा बराच वेळ सैलपणे फिरत राहिला, म्हणजे पंख्याला इंजिनाशी जोडणाऱ्या फॅन क्लचमधील सिलिकॉन तेलाची पकड गेली होती.

पाहणीतील आणखी एक उपयुक्त खूण म्हणजे प्लॅस्टिकच्या भागांवर साच्यातच उमटलेले छोटे वर्तुळ. त्यातील बाण व अंक तो भाग कोणत्या वर्षी आणि महिन्यात तयार झाला हे सांगतात. एक्स्पान्शन टँक (तापून फुगलेले कूलंट सामावणारी टाकी), रेडिएटरच्या बाजूच्या टाक्या, पंख्याचे आच्छादन या सर्वांवर गाडीच्याच जन्माचे वर्ष निघाले, म्हणजे कूलिंगचा कोणताही मोठा भाग कधी बदललेला नव्हता. या एका शोधाने सौद्याचा सूर बदलला, आणि पुढच्या कामाची यादीही तेथेच तयार झाली.

त्यामुळे पॉलिश, लेदर, चाकांचा रंग हे सर्व बाजूला ठेवून सर्वप्रथम संपूर्ण कूलिंग प्रणाली एकाच वेळी बदलली: रेडिएटर, एक्स्पान्शन टँक व त्याचे झाकण, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, फॅन क्लच, सर्व होज आणि त्यांचे क्लॅम्प. एकेक भाग बदलण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण नव्या पंपाने आणि नव्या झाकणाने दाब पुन्हा पूर्ण झाला की जुन्या होजचा किंवा टाकीचा सर्वांत दुबळा सांधा उघडतो. झाकणाकडे दुर्लक्ष करणे तर अक्षम्य आहे. कूलंट आणि पाणी निम्मे निम्मे घेतलेले मिश्रण उघड्या हवेत सुमारे १०७ अंशांना उकळते. झाकणाने एक बार दाब धरला तर तोच उत्कलनबिंदू १२५ अंशांच्या पुढे जातो. जेथे पाणी कधी गोठत नाही तेथे कूलंटची गरज नाही, असा समज अजूनही आढळतो. पण कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये अॅल्युमिनियमच्या हेडचे आणि पंपाचे रक्षण करतात, म्हणून निर्मात्याने सांगितलेलाच प्रकार डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून वापरावा. काम झाल्यावर तशाच दुपारी, तशाच स्थितीत तापमान ९६ ते ९८ अंशांच्या दरम्यान स्थिर राहिले.

एसीचा विचार याच कामाचा भाग म्हणून करावा लागला, कारण एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो आणि त्याने तापवलेली हवाच रेडिएटरच्या वाट्याला येते. आर-१३४ए या गॅसचा निरपेक्ष दाब ५० अंशांना सुमारे १३ बार असतो, तर ६० अंशांना तो जवळपास १७ बार होतो. म्हणजे कंडेन्सर थोडा अधिक गरम राहिला की कॉम्प्रेसरवरचा भार झपाट्याने वाढतो. माझ्या गाडीतील थंडावा कमी होता, तरी गॅस भरण्याची घाई केली नाही. कंडेन्सर आणि रेडिएटर सुटे केल्यावर त्यांच्या मधल्या फटीत धूळ, पाने आणि कीटक यांचा दाट थर सापडला. तो काढला, जीर्ण ओ-रिंग (सांध्यांतील रबरी कड्या) आणि गॅसमधील ओलावा शोषणारा रिसीव्हर-ड्रायर बदलले, प्रणालीतील हवा व ओलावा व्हॅक्यूम पंपाने ओढून घेतला, आणि मग गॅस अंदाजाने न भरता बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच भरला. जास्त गॅसने थंडावा वाढत नाही, फक्त दाब वाढतो. दुपारी जागेवर उभ्या गाडीत मधल्या झडपेतून येणाऱ्या हवेचे तापमान १७ अंशांवरून १० अंशांवर आले.

आतील भागाबाबत अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेले निरीक्षण मला फार उपयोगी पडले. ३८ अंशांहून गरम दिवशी तासभर उन्हात उभ्या असलेल्या गाड्यांचा डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांपर्यंत तापला होता, तर सावलीतील गाड्यांचा ४८ अंशांपर्यंत. छताच्या कापडामागचा फोम भुगा होऊन कापड लोंबू लागणे, डॅशबोर्डला तडे जाणे, लाकडी पट्टीवरील लाखेला बारीक चिरा पडणे, या सर्वांचे मूळ या फरकात आहे. काचेवर आतून लावायचा परावर्तक पडदा आता नेहमीचा झाला आहे. गाडीत बसण्यापूर्वी रिमोटवरील कुलूप उघडण्याचे बटण दाबून धरून चारही काचा खाली घेण्याची सोय या वर्गातील अनेक गाड्यांत असते. तिचा उपयोग जरूर करावा, म्हणजे एसीला कोंडलेल्या उष्ण हवेशी झगडावे लागत नाही.

बाकीची कामे थोडक्यात सांगतो. ब्रेक ऑइल बदलले, कारण नव्या डॉट ४ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पण ओलावा शोषलेल्या तेलासाठी हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. टायरची नक्षी भरपूर होती, तरी कडेवरच्या चार अंकांनी त्यांचे वय उघड केले आणि ते काढून टाकले. बॅटरी डिकीत असल्यामुळे इंजिनच्या धगीपासून दूर आहे, ही या गाडीची जमेची बाजू आहे.

सध्या गिअरबॉक्सचे काम हाती घेतले आहे. त्यातील तेल आयुष्यभरासाठी भरलेले असल्याचे पत्रकात म्हटले होते, पण प्लगमधून काढलेला नमुना काळपट आणि जळका वास असलेला निघाला. तेल, फिल्टर आणि पॅनचे गॅस्केट बदलताना पातळी ठरावीक तापमानालाच तपासायची असल्याने हे काम भर उन्हात न करता पहाटे ठेवले आहे. त्यानंतर तेल थंड करणाऱ्या नळ्यांची पाळी आहे. गिअरबॉक्सच्या तेलाचे चढावरील तापमान आधीच नोंदवून ठेवले आहे. काम पूर्ण झाल्यावर त्याच चढावर, तितक्याच उन्हात पुन्हा मोजून दोन्ही आकडे पुढील नोंदीत देईन.