आमची वाटचाल : ‘माझी फाइल नेमकी आहे कुठे?’

आमच्या पाटीवर अजून ‘कॉम्प्युटर विक्री व दुरुस्ती’ असंच लिहिलेलं आहे. विक्री जवळपास थांबली, दुरुस्ती निम्म्यावर आली, आणि ज्या कामावर आज आमचं पोट चालतं त्याचा पाटीवर उल्लेखच नाही. ते काम म्हणजे लोकांना त्यांच्या वस्तू कुठे आहेत हे समजावून सांगणं. वस्तू म्हणजे फोटो, हिशेब, पत्रं, पासवर्ड, बँकेचं खातं. त्या ज्या यंत्रात आहेत असं लोक धरून चालतात, त्यात त्या बऱ्याचदा नसतात.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी आणि माझा भागीदार सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून द्यायचो. ज्या खोक्याला सगळेच सीपीयू म्हणतात (खरं तर सीपीयू म्हणजे आतली प्रोसेसरची चिप; पण ग्राहकासमोर आम्हीही म्हणतो, उगाच वाद कशाला), ते उघडून आत मदरबोर्ड, हार्ड डिस्क, रॅम बसवायची. विकलेली यंत्रं आम्हाला आठवड्याभरात परत बोलावायची. तक्रार बहुधा एकच: पंखा फिरतो, बीप वाजतो, स्क्रीन काळी. रॅमची पट्टी काढायची, तिचे सोनेरी पाय खोडरबराने घासायचे, परत दाबून बसवायची. काम झालं. ‘खोडरबर फिरवायचे पैसे घेता?’ हे आम्ही भरपूर ऐकलं आहे.

पण पट्टी हातात दिसली की ग्राहकाचा चेहरा उतरायचा. ‘ती काढलीत म्हणजे माझा सगळा डेटा गेला?’ मग सांगावं लागायचं की रॅममध्ये वीज असेपर्यंतच काही टिकतं. तुम्ही टाइप करता ते आधी तिथे असतं. सेव्ह केलंत की डिस्कवर जातं आणि वीज गेली तरी तिथेच राहतं. सेव्ह न करता पानभर मजकूर लिहिला आणि मध्येच वीज गेली, असं ज्याच्या बाबतीत घडलं होतं त्याला हे एका वाक्यात कळायचं. इतरांना वेळ लागायचा. त्या काळी फाइल असण्याच्या जागा दोनच होत्या, डिस्क नाहीतर फ्लॉपी, त्यामुळे आमचं उत्तर छोटं होतं. फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचं. आज फोनवर काढलेला साधा फोटोसुद्धा बहुधा तीत बसणार नाही.

मग फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारा मोडेम आला. ५६ के मोडेमचा वेग म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ५६ हजार बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी सेकंदाला सात हजार बाइट, आणि एक एमबीची फाइल उतरायला अडीच मिनिटांच्या आसपास. बिट आणि बाइट यांतला हा आठपटीचा फरक तेव्हा कोणी विचारत नसे. आता रोज विचारतात: ‘१०० एमबीपीएसचं कनेक्शन घेतलं आणि डाउनलोड होतंय १२ ने, कंपनी फसवतेय.’ यात फसवणूक नाही. जाहिरातीत वेग मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल उतरताना स्क्रीनवर तो मेगाबाइटमध्ये दिसतो. १०० ला ८ ने भागा, साडेबारा येतात. मात्र जाहिरातदारांनी दोनांतलं मोठं दिसणारं एकक निवडावं, यात योगायोग आहे असं मला वाटत नाही.

मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचा किडा (स्वतःच्या प्रती पसरवणारा व्हायरस) ईमेलमधून जगभर पसरला. सोबतची फाइल दिसायची टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर. पण नावाच्या शेवटी व्हीबीएस होतं, म्हणजे चालणारा प्रोग्राम. हे शेवटचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, विंडोज आपणहून लपवत असे, आणि ठरावीक प्रकारच्या फाइलींचं शेपूट ती आजही लपवते. म्हणून आमच्याकडून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक यंत्रात आम्ही फाइलींची एक्स्टेन्शन दिसतील अशी सेटिंग करूनच देऊ लागलो. लोक कुरकुरायचे, ‘ही नावं लांबलचक का दिसतात?’ दिसू देत.

त्याच सुमारास आणखी एक त्रास होता, तो फॉन्टचा. आमच्याकडे मराठीत लिहिलेलं पत्र दुसरीकडे उघडलं की तिथे इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. कारण सरळ आहे. कॉम्प्युटर अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवर देवनागरीची चित्रं चढवायचे. समोरच्याकडे तोच फॉन्ट नसेल तर चित्र उतरायचं आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडायची. युनिकोडने प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा आकडा दिला. ‘क’चा २३२५. त्यामुळे कुठेही पाठवा, तो ‘क’च राहतो. जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलून देण्यावर आमची बरीच वर्षं निघाली, आणि जोडाक्षरं तपासून तपासून भागीदाराच्या चष्म्याचा नंबर वाढला, असं तो म्हणतो.

क्लास सुरू केला तोही याच धांदलीत. सुरुवातीला बाकीचे शिकवत तेच आम्ही शिकवलं: या मेनूत जा, तिथे तिसऱ्या ओळीवर क्लिक करा. छापील वह्याही काढल्या. मग ऑफिस २००७ आलं. वर्ड-एक्सेलमधले मेनू गेले, त्या जागी रिबन (वरची बटणांची पट्टी) आली आणि वह्या रद्दीत गेल्या. गंमत म्हणजे मुलामुलींपेक्षा आमच्याकडे शिकून नोकरीला लागलेली मोठी माणसं जास्त गोंधळली, कारण त्यांनी जागा पाठ केल्या होत्या. तेव्हापासून बटणं शिकवायची नाहीत असं ठरलं. फाइल म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय, कॉपी आणि मूव्ह यांत काय फरक, प्रोग्राम आणि त्याने बनवलेली फाइल या दोन वेगळ्या वस्तू कशा, एवढं पक्कं झालं की बटण माणूस स्वतः शोधतो. हा क्लास दिसायला रटाळ असतो. ‘पहिल्या दिवशी काहीच बनवलं नाही’ म्हणून सोडून जाणारे असतात. जाऊ देतो.

इंटरनेट आणि वेब हा घोळ मात्र अजून निस्तरलेला नाही. माणसं ब्राउझरलाच इंटरनेट समजतात, काही जण वायफायला. इंटरनेट म्हणजे जाळी: जगभरचे कॉम्प्युटर जोडणाऱ्या तारा, उपकरणं आणि त्यांच्यात ठरलेले नियम. १९६९ मध्ये अमेरिकेत अर्पानेट हे इंटरनेटचं पूर्वरूप सुरू झालं आणि १ जानेवारी १९८३ ला ते टीसीपी/आयपी या नियमांवर आलं. आजची जाळी त्याच नियमांवर चालते. वेब, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या, दुव्यांनी एकमेकांना जोडलेल्या पानांचं जग, त्यानंतरचं. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत १९८९ साली त्याचा प्रस्ताव मांडला. ईमेल तर वेबच्या कितीतरी आधीपासून याच जाळीवरून जात होतं. हा इतिहास आम्ही सांगतो तो परीक्षेसाठी नाही. घरचं नेट बंद पडलं की नेमकं काय बंद पडलं हे शोधायला तो कामी येतो.

फोनवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या, तरी काही उघडत नाही. हा फोन आम्हाला रोज येतो. रेघा फक्त तुमच्या फोनपासून राउटरपर्यंतची हवा मोजतात. राउटरच्या पुढची तार तुटली असेल तर रेघांना पत्ताही नसतो. दुसरा प्रकार असा की तार ठीक आहे, पण साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी डीएनएस ही व्यवस्था उत्तर देत नाही. मग नावाने काही उघडत नाही, पण आकडा टाकून पिंग केलं (‘आहेस का?’ असा छोटा संदेश पाठवला) तर उत्तर येतं. एवढं तपासून फोन केला तर आमची फेरी वाचते आणि ग्राहकाचे पैसे. धंद्याच्या दृष्टीने हे शिकवणं शहाणपणाचं नाही, असं आमचा हिशेबनीस सांगतो.

फर्मला खरा आधार मिळाला तो डेटा रिकव्हरीने. फाइल डिलीट केली, रिसायकल बिनही रिकामी केली, तरी हार्ड डिस्कवरचा मजकूर लगेच पुसला जात नाही. फक्त नोंद जाते आणि ती जागा ‘मोकळी’ ठरते. तिथे दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत आधीचं परत आणता येतं. म्हणून पहिली सूचना नेहमी तीच: यंत्र बंद करा, त्यावर काहीही उतरवून घेऊ नका, रिकव्हरीचा प्रोग्रामसुद्धा नाही. रडत आलेली माणसं हसत परत गेली, असे त्या काळातले बरेच प्रसंग आहेत. मग एसएसडी आल्या, म्हणजे फिरती चकती नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्क. त्यांत ट्रिम नावाची सोय असते. डिलीट केलेली जागा मोकळी झाल्याचं डिस्कला कळवलं जातं आणि ती सवडीने आतून साफ करून टाकते. परत आणायला काही उरत नाही. शिवाय हार्ड डिस्क मरण्याआधी अनेकदा टकटक आवाज करते, कॉपी लांबते, म्हणजे सूचना मिळते. एसएसडी बहुधा न सांगता जाते. वेग बघता मी कोणालाही एसएसडीच घ्यायला सांगेन, पण आमचा निम्मा धंदा तिने नेला हे खरं.

उरलेला फोनने नेला. तोवर यंत्र बिघडलं की एखादं ऑफिस दिवसभर अडायचं. आता फोन हरवला की माणूसच अडतो. तिकीट त्यात, पैसे त्यात, कुणाचाही नंबर पाठ नाही. एक निवृत्त शिक्षिका आमच्याकडे आल्या होत्या. नवा फोन, नवं सिम मिळायला दोन दिवस. ईमेल उघडायला गेल्या तर कोड जुन्या नंबरवर. नंबर बदलायला गेल्या तर खात्री करणारा संदेश ईमेलवर. ‘अहो, कुलपाची किल्ली कपाटात आणि कपाटाची किल्ली कुलपात, असं झालंय माझं,’ म्हणाल्या. आम्हाला काही करता आलं नाही, सिमची वाट बघण्याशिवाय. तेव्हापासून प्रत्येक ग्राहकाच्या मुख्य ईमेल खात्याचे बॅकअप कोड (फोन हाताशी नसतानाही खातं उघडून देणारे आकडे) कागदावर छापून देतो. आम्ही स्वतःकडे प्रत ठेवत नाही. मागितली तरी नाही.

आणि मग क्लाउड. ‘फोटो क्लाउडवर आहेत’ म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी इमारतीतल्या डिस्कवर आहेत, आणि तिथपर्यंतचा रस्ता आकाशातून नाही, जमिनीखालून आणि समुद्राच्या तळावरून जाणाऱ्या तारांमधून आहे. हे कळलं तरी एक गोष्ट राहतेच: सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंक चालू असेल तर फोनवर पुसलेला फोटो तिथूनही जातो. काही दिवस ट्रॅशमध्ये असतो, मग तोही नाही. ‘फोनची जागा भरली म्हणून साफ केले, वर तर आहेत ना?’ असं विचारत येणाऱ्यांना खरं उत्तर देणं आमच्या कामातला सगळ्यात नको वाटणारा भाग आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभरच्या यंत्रांतल्या फाइली कुलूपबंद केल्या, तेव्हा विंडोजमधल्या ज्या छिद्रातून तो शिरला त्याचं ठिगळ, म्हणजे अपडेट, मार्चमध्येच निघालेलं होतं. ज्यांनी अपडेट केलं होतं ते त्या छिद्रापुरते वाचले. ज्यांची जास्तीची प्रत यंत्राला न जोडलेल्या डिस्कवर होती तेही सावरले. आमचा नियम तोच: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक वेगळ्या जागी.

२०२० पासून निम्मं काम आम्ही ग्राहकाची स्क्रीन दुरून बघून करू लागलो. तेच सॉफ्टवेअर ठगही वापरतात, म्हणून आता आम्ही स्वतःहून कुणालाही फोन करून ते चालू करायला सांगत नाही. ग्राहकानेच आधी आम्हाला फोन करायचा. ‘साइटला कुलूप होतं ना?’ हाही नेहमीचा प्रश्न, म्हणजे ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणारं कुलपाचं चिन्ह. कुलूप एवढंच सांगायचं की मधल्या वाटेत कोणी वाचणार नाही. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे, हे ते कधीच सांगत नव्हतं. याच गैरसमजामुळे क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढून दुसरं लावलं. चांगलं केलं.

आता लोक चॅटबॉटने दिलेलं उत्तर छापून आणतात आणि विचारतात, हे त्याने कुठून काढलं? बरेचदा कुठूनच नाही. वाचलेल्या अफाट मजकुराच्या वळणावरून तो पुढचा शब्द जुळवतो. शोध घेऊन दुवा दिला असेल तर तो उघडून बघा, नसेल तर धरून चालू नका. आणि तुम्ही त्यात चिकटवलेला करार किंवा तपासणीचा रिपोर्ट आता कंपनीच्या सर्व्हरवर आहे. यासाठी आम्ही शनिवारी वेगळा तास सुरू केला. भागीदाराला तो पसंत नाही. त्याचं म्हणणं, ज्या यंत्राचं खोकं आपण उघडू शकत नाही त्याबद्दल आपण बोलू नये. मी म्हणतो, क्लाउडचं खोकं तरी आपण कुठे उघडलं होतं? तास चालू आहे, वादही.