वीतभर आकाश

14 डिसेंबर 2023. अमावास्या नुकतीच झालेली, त्यामुळे चंद्राची लुडबूड नव्हती. भांडुपमधल्या आमच्या शाळेच्या गच्चीवर सतरंज्या टाकून नववीची बावीस मुलं आणि मी मिथुन उल्कावर्षाव बघत आडवे पडलो होतो. मुंबईचं आकाश ते, ठळक तारे तेवढेच दिसणार. त्यात विमानांची ये-जा. दोनदा विमानालाच टाळ्या पडल्या.

पहिली उल्का दिसली तसं विचारलं, "केवढी होती?"

"फूटभर!"

"हट्, लोकलच्या डब्याएवढी!"

आकाशात फूट चालत नाहीत, अंश चालतात. मग सगळ्यांना हात ताठ धरायला लावले. करंगळीची रुंदी एक अंश, आवळलेली मूठ 10, ताणलेली वीत साधारण 20. "पण सर, तुमचा पंजा मोठा आहे." रास्त शंका. पंजा मोठा तसा हातही लांब, म्हणून कोन जवळपास तेवढाच येतो. मृगातल्या काक्षी आणि राजन्य ताऱ्यांमध्ये साडेअठरा अंश. माझी वीत तिथे जेमतेम उरली, पोरांचीही. (ध्रुवताराही मुंबईतून क्षितिजावर 19 अंश, म्हणजे वीतभरच. पण आमच्या उत्तरेला टॉवर उभा राहिलाय.)

साडेअकराच्या सुमाराला एक जबरदस्त उल्का गेली. गच्ची ओरडली. मी वहीत लिहिलं, 40 अंश.

"नाही सर," एरवी वर्गात तोंडही न उघडणारी एक मुलगी म्हणाली. "काक्षीजवळ पेटली आणि राजन्यच्या जरा अलीकडे विझली."

"अगं, अर्धं आकाश कापलं तिने!"

ती काही बोलली नाही. हात वर धरून अंगठा काक्षीवर ठेवला, करंगळी राजन्यकडे ताणली. वीत भरत नव्हती. मग बुटाची नाडी सोडून ती उल्केच्या वाटेवर ताणली आणि मागे मागे नेली. नाडी मिथुन राशीतल्या पुनर्वसूच्या जोडताऱ्यांपाशी पोचली. या वर्षावातल्या उल्का तिथूनच निघाल्यासारख्या दिसतात. उल्का मिथुनेचीच होती.

सेकंदाला 35 किलोमीटरने येणाऱ्या त्या उजेडाने मी दिपलो होतो आणि दिपलेपणच अंशांत मोजून बसलो होतो. तिने मात्र कुठून कुठे, एवढंच ध्यानात ठेवलं होतं.

40 खोडून 17 लिहिलं. तिने वाकून वहीत पाहिलं.

"सर, वेळ लिहायची राहिली."