तुम्ही विचारलंत म्हणून: मिस्साचे पाकीट

अर्थशास्त्र शिकवणारी बाई दर रविवारी मिस्साला, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या उपासनेला, कशी जाते आणि मृतांचे आत्मे स्वर्गात जाण्याआधी जिथे शुद्ध होतात ते शुद्धीस्थान हा चर्चने काढलेला धंदाच नव्हे का, हे मला स्टाफरूमपासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळीकडे विचारले जाते. विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते. हवी असते ती माझी कबुली.

ती देते. मध्ययुगीन चर्चकडे मक्तेदार पेढी म्हणून पाहणारी एकेलंड आणि टोलिसन या अर्थतज्ज्ञांची मांडणी मला बरीचशी पटते. १४७६ साली पोप चौथे सिक्स्टस यांनी दंडमाफीचा, म्हणजे देणगीच्या बदल्यात पापाच्या शिक्षेत मिळणाऱ्या सुटीचा, लाभ मृतांनाही खुला केला आणि ग्राहकवर्ग थेट कबरींपर्यंत विस्तारला. दंडमाफीचे पैसे गोळा करणाऱ्यांचे पद चर्चच्याच ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६२ मध्ये रद्द केले खरे, पण ते प्रोटेस्टंट बंडखोर ल्यूथरच्या रूपाने स्पर्धक उभा राहिल्यावर.

मात्र वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षी वसईतल्या आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, कार्यालयात जे घडले, ते या मांडणीत मला अजून बसवता आलेले नाही. वर्षपूर्तीच्या मिस्सासाठी आई देणगीचे पाकीट घेऊन गेली होती. कारकुनाने वही आमच्याकडे फिरवली. त्या तारखेला आधीच बरीच नावे होती आणि सगळ्यांसाठी मिळून होणाऱ्या एकाच सामुदायिक मिस्सात वडिलांचेही नाव वाचता आले असते. आईने विचारले, “एवढ्या जणांत त्यांच्या वाट्याला काय येणार?” कारकून हसला, आणि मी, विषयाचा अधिकार गाजवत, प्रार्थना वाटल्याने कमी होत नाही, हे तिला तिथेच चारचौघांत समजावू लागले. माझ्याकडे न बघता तिने पुढची मोकळी तारीख मागितली, पाकीट वहीवर ठेवले आणि घरी पोहोचेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

तिचा प्रश्न भाबडा नव्हता. मिस्साचे फळ, म्हणजे तिचा आध्यात्मिक लाभ, विभागले जाते का, यावर धर्मपंडितांनी शतकानुशतके वाद घातला आहे. १९९१ मध्ये रोमने नियम केला, की सामुदायिक मिस्सा देणगीदारांच्या संमतीनेच व्हावी, आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त नको, आणि फादरांनी स्वतःकडे एकाच मिस्साची ठरलेली रक्कम ठेवावी. धंदाच करायचा तर स्वतःवर असे बंधन कोण घालून घेईल?

तिशीतली मी लगेच म्हणाले असते, की भाव टिकवू पाहणारा मक्तेदार नेमके हेच करतो, पुरवठा आवळतो. त्या तिशीतल्या मला खोडून काढणारा युक्तिवाद माझ्यापाशी आजही नाही. पण त्या पाकिटाने आईने नक्की काय घेतले, हे त्या तिशीतल्या मलाही सांगता आले नसते. ‘सांत्वन’ म्हणून मी तेव्हा मोकळी झाले असते. सांत्वन तर सामुदायिक मिस्सातही मिळाले असते, आणि तेही ऐन तारखेला.